टबाची काळी कड
श्वास घेता येईना आणि दार आत उघडतं की बाहेर, तेही आठवेना. आखातात अल खौदला मुलाच्या घरी बाथरूममधल्या टबावर पिवळे डाग पडले होते आणि कडेची रबरी पट्टी बुरशीने काळी झाली होती. "आई, ती घासून जात नाही, बदलावी लागेल," सून म्हणाली. "आळशाला सगळं बदलावंच लागतं," मी सुनावलं आणि पट्टीवर एक बाटली, डागांवर दुसरी ओतली. एकीत ब्लीच होतं, दुसरीत ॲसिड, हे नंतर कळलं. बाटल्यांवर सगळं अरबी-इंग्रजीत आणि मी चौथी शिकलेली. दोन्ही सफाईचीच औषधं, मग एकत्र होऊन विष कसं झालं, हे कोडं ब्लीचचा वास आला की आजही पडतं. खोकला ऐकून सून धावत आली आणि दंडाला धरून तिने मला बाल्कनीत ओढत नेलं. ती आळशी असती तर मी आज नसते.