दादाची सागवानी गिटार

नानाखेड्यात सुताराकडे ताज्या कापलेल्या सागवानाचा वास आला आणि फ्रीगंजची ती दुपार आठवली. दादाने एका प्रसिद्ध रॉक वादकाच्या गिटारीसारखी इलेक्ट्रिक गिटार आमच्याच शहरातल्या भैरवगढला, कापडछपाईचे ठसे कोरणाऱ्या चाचांकडून, घडवून घेतली होती. ती घेऊन तो चौकात आला तेव्हा मी तिथे विदेशी संगीताविरुद्धची पत्रकं वाटत होतो. माझ्यासोबतच्या पोरांनी ती हिसकावून फरशीवर आपटली. लाकूड फाटलं, तुटलेल्या तारेने दादाचा गाल चिरला.

"अरे, ही इथेच बनली आहे," दादा म्हणाला.

"परचे में आपके भाई ने ही लिखा है, भैया," एकजण हसला. "विदेशी शोर तोड़ दो।"

दादाने माझ्याकडे पाहिलं. घाबरून मधे पडलो नाही, असं आजवर सांगत आलो. खरं तर माझं वाक्य कुणीतरी अमलात आणलं, याचा मला आनंद झाला होता.