खिळ्यावरचा पट्टा

एसटीच्या कंडक्टरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मला ती बातमी दिली. भूमचा आठवडी बाजार, स्टँडवर शेळ्या, कोंबड्या, मिरचीची पोती, आणि त्या सगळ्या गलक्यावर आवाज चढवून हा गृहस्थ ओरडला, "पाव्हणं, तुळजापूरचं तुमचं दाजी गेलं वो! सकाळच्यालाच..." इथं त्यानं थांबायला हवं होतं. पण घंटीची दोरी ओढता ओढता तो शेजारच्या उतारूला म्हणाला, "लई कडक जमादार व्हता. नुसता पट्टा सोडला की चोर घडाघडा बोलायचा. चामडी लोळवायचा म्हणं." दुःख राहिलं बाजूला. मी शिव्या देत बसच्या मागं धावलो. लोकांना वाटलं, ह्याची गाडी चुकली.

दाजींनी जन्मात कधी बांधलेल्या माणसावर हात टाकला नाही. एवढं एक वाक्य सांगण्यासाठी हा लेख आहे, आणि ते सांगून झाल्यावर मी गप्प बसलो असतो, पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. गाव सोनारी. भैरवनाथाच्या देवळापुढं माकडांच्या टोळीत वाढलेला माणूस, त्यामुळं दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून नेणारा कोण, हे त्यांना लांबूनच कळे. राग मात्र विलक्षण. चहात साखर कमी पडली तर कपबशी अंगणात, आणि मागोमाग तबकसुद्धा. मोठ्या लढाईत ते फौजेत गेले, आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेले आणि इटलीच्या कैदेत राहिले. तिथली गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, सोनारीच्या जत्रेत, रेवड्या खाता खाता. तिथला एक पहारेकरी कैद्यांचे हात मागं बांधून कमरेच्या पट्ट्यानं मारायचा. "मेव्हणे, मारताना त्यो हसत न्हवता बरं का. रागानं लालबुंद व्हायचा. अगदी माझ्यागत. मला त्याचं भ्या वाटलं न्हाय... माझंच वाटलं."

निजामाचं राज्य गेलं, पोलिसात नवी भरती निघाली आणि दाजी जमादार झाले. तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला अजून बाजारात भेटतात, आणि मला बाजार करावा लागतो. ठाण्याच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं. दाजींनी पहिल्याच दिवशी त्याच्या खोडात खिळा ठोकला. आरोपीशी बोलायला आत जायचं असलं की आधी कमरेचा पट्टा सोडायचा, खिळ्याला अडकवायचा आणि मग रिकाम्या हातानं आत जायचं, असा त्यांचा शिरस्ता. रागाचं हत्यार बाहेर राहिलं पाहिजे म्हणून. पण चावडीपुढच्या मंडळींना दिसायचं काय? सहा फुटी जमादार दात-ओठ खात पट्टा सोडतोय! पोलिसानं पट्टा सोडला की पुढं काय होतं, हे जुन्या राज्यात सगळ्यांनी पाहिलेलं. पट्टा झाडावरच राहिला, हे बघायला कुणी थांबायचंच नाही. गजाआडून चोरालाही तेच दिसायचं. दाजी उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत अर्धी चोरी कबूल व्हायची. मी पोट धरून हसायचो. "दाजी, लोक तुम्हाला कसाई म्हणतात!" "म्हणू द्या की. न मारता काम हुतंय न्हवं?" असं म्हणून तेही हसायचे. ते हसणं पुढं लई महाग पडलं.

त्या गावचे मोठे बागायतदार म्हणजे बापूसाहेब. त्यांची खिलारी जोडी गोठ्यातून गेली. गावाबाहेर भटक्यांचं पाल होतं, म्हणजे चोर कुठं शोधायचा याची काळजी नव्हती. छगन नावाच्या माणसाला पालावरून उचलून आणलं. दाजींनी पट्टा खिळ्याला लावला आणि आत गेले. अंगणात बापूसाहेब आणि फौजदार खुर्च्या टाकून बसले होते. या फौजदाराला निजामाच्या काळच्या सवयीनं सगळे अमीनसाहेबच म्हणत. मी अक्कानं दिलेला डबा घेऊन तिथंच उभा होतो, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही.

"जमादार, अजून एक किंकाळी न्हाय!" बापूसाहेब ओरडले. "आत सत्यनारायण घातलाय का?"

दाजी बाहेर आले. "त्यानं बैल न्हेले न्हाईत, साहेब."

"व्हय? भैरवनाथानं सपनात येऊन सांगितलं?"

"पायात काटा मोडून त्याचा पाय भोपळ्यागत सुजलाय. उभं ऱ्हाता येईना त्याला. खिलारी जोडीमागं पळंल कसा?"

अमीनसाहेब खुर्ची मागं सारून उठले, हात वर केला आणि खिळ्यावरचा पट्टा काढला. दाजींनी हात पुढं केला. त्यांना वाटलं, आपल्याला देतायत... अमीनसाहेब त्यांच्या बाजूनं आत गेले. आतून आवाज आला तो पट्ट्याच्या पितळी बकलाचा. छगनचा डावा कान त्या दिवशी कायमचा गेला. दाजी आत धावले आणि अमीनसाहेबांचं मनगट असं पिरगाळलं की पट्टा गळून पडला, आणि त्यामागून अमीनसाहेब. सगळं गाव दारातून बघत होतं.

आठवड्याच्या आत दाजींचा बिल्ला आणि पट्टा जमा झाला. ठपका काय, तर हात उचलला! हे लिहितानाही माझं टाळकं सणकतं. बैलांचं म्हणाल तर ते बापूसाहेबांच्याच मेहुण्यानं बार्शीच्या बाजारात नेऊन विकले होते. सगळ्या मेहुणे जातीची मान खाली घातली त्या माणसानं. पण छगनकडं कुणी गेलं नाही, आणि दाजींकडंही नाही.

दाजी तुळजापूरला एका लॉजवर रखवालदार झाले. तिथल्या बाजारातून त्यांनी एक चामडी पट्टा घेतला आणि धोतरावर बांधायला लागले. यात्रेकरू वळून वळून बघायचे. घराच्या दाराबाहेर खिळा ठोकला. अक्काशी भांडायचं झालं तरी आधी बाहेर जायचं, पट्टा अडकवायचा आणि मग आत येऊन ओरडायचं. तोवर अक्काचा चहा पिऊन झालेला असायचा.

तेराव्यानंतर बापूसाहेबांचा माणूस अक्काकडं आला. त्या गावात शोकसभा ठरली होती, आणि फोटोशेजारी ठेवायला 'जमादारांचा तो पट्टा' हवा होता. अक्का म्हणाली, "त्यांचा पट्टा सरकारनं कवाच न्हेलाय. तिकडं मागा." मी रिकाम्या हातानं सभेला गेलो. बापूसाहेब हार घालून म्हणाले, अशी जरब पुन्हा होणे नाही, ज्यांच्या पट्ट्यानं तालुका सरळ केला... मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खिळा, काटा, बकल, बार्शी. आणि लोक हसले! बार्शीवर तर टाळ्या पडल्या. आयुष्यभर मी चावडीवर सोंगं आणून यांना हसवलं, त्यांना वाटलं, हेही त्यातलंच. बापूसाहेबसुद्धा रुमालानं डोळे पुसत हसले. दाराशी छगन उभा होता. उजवा कान माझ्याकडं करून ऐकत होता. तो एकटा तेवढा हसला नाही.

म्हणून हे लिहून काढलं. छापलेल्यावर टाळ्या वाजवता येत नाहीत.

सभेच्या त्याच रात्री मिळेल त्या गाडीनं तुळजापूर गाठलं आणि पेटलेल्या डोक्यानं अक्काच्या दारात उभा राहिलो. बाहेर खिळ्यावर तो बाजारचा पट्टा तसाच लटकत होता. मी म्हणालो, "हा मी नेतो. उद्या जाऊन बापूसाहेबाच्या अंगणात टाकतो!"

"हात लावायचा न्हाय," अक्का म्हणाली. "त्या सकाळी त्यांनी सोता काढून ठिवलाय. भाईरनं तणतणत आले, पट्टा अडकवला, आत येऊन बसले. मी म्हणलं आता वरडतील... वाट बघत बसले मी. तवर गेलेच." तिनं खिळ्याकडं पाहिलं. "कशाचा राग व्हता, सांगायचं ऱ्हायलंच बघ."

अक्कानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझ्या कमरेला पट्टा न्हाय. टोपी अडकव तिथं. मग आत ये, अन् काय वरडायचं ते वरड."