पत्ते चोरणारा घोडेगावचा माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी शेजारणीच्या आमटीत मीठ जास्त पडल्याचंही सांगते.

नातीबरोबर पत्ते खेळताना मी राजरोस लबाडी करते. ती म्हणते, "आजी, पत्ते चोरलेस तू." मी हसते. पण आतून चरकते. का, तेच सांगायला बसलेय, आणि बघा ना — अजून इकडेतिकडेच करतेय.

नगरला एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी नोकरीला होते. जिल्ह्यातल्या केबलवाल्यांना आम्ही लाइन द्यायचो. चष्मा डोक्यावर, पेन केसांत, आणि तोरा असा की मी रजेवर गेले तर पारनेरला इंटरनेट उजाडणारच नाही. ती बाई आज भेटली तर मीच तिला टपली मारीन.

प्रत्येक नेटवर्कला एक नंबर असतो. अमुक पत्ते — म्हणजे इंटरनेटवरचे, कॉम्प्युटरांचे — माझ्याकडे आहेत, असं ते साऱ्या जगाला सांगत असतं. त्या पत्त्यांकडे जाणारा एखादा रस्ता लांबचा भासवायचा असेल, म्हणजे रहदारी दुसरीकडून वळेल — तर त्या रस्त्यावरच्या नंबरांच्या यादीत स्वतःचाच नंबर पुन्हा पुन्हा लिहितात. हा प्रयोग मी एका दुपारी केला. कुणाला न विचारता. मला कोण विचारणार? आणि यादीच्या शेवटी, जिथे पत्त्यांच्या मालकाचा नंबर असतो तिथे, टाकला तो घोडेगावच्या केबलवाल्या दत्तूभाऊंचा! आदल्याच दिवशी त्यांची लाइन जोडली होती, नंबर बोटांत बसला होता. जगाला दिसलं, की आमचे पत्ते दत्तूभाऊ स्वतःचे म्हणून सांगतायत. पत्ते पळवल्याचे इशारे धडाधड आले. साहेबांनी त्यांची लाइन तोडली.

चूक मला कधी कळली? चहा निवायच्या आत. गुपचूप दुरुस्त केली, आणि गप्प बसले.

घोडेगावात तो जनावरांच्या बाजाराचा दिवस. तिथे बातमी पोचली — दत्तूभाऊ पत्त्यांच्या भानगडीत सापडला. लोकांना वाटलं, जुगार. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस! ऑफिसात सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याच टेबलाशी आले. "मॅडम, लाइन तुमीच जोडली हुती. म्या काय चोरलं न्हाई, येवढं सायबाला सांगा."

"बघते, भाऊ," मी म्हणाले.

काय बघणार होते? सगळं पाहिलेलंच होतं की! लाइन पुन्हा जोडली नाही. त्यांची गिऱ्हाइकं महिनाभरात दुसऱ्या केबलवाल्याकडे गेली. धंदा गेला, नाव तेवढं चिकटलं — बाजारात त्यांना अजून 'पत्तेवाला दत्तू' म्हणतात.

ऑफिसच्या वहीत, माझ्या चुकीच्या त्या दिवसाच्या नोंदीत माझ्या हातचं वाक्य आहे: 'बिघाड आपोआप दूर झाला.'

आपोआप काही झालं नव्हतं. मी केलं होतं. आणि दत्तूभाऊ जिना उतरून जाईपर्यंत मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत होते.