न्हावऱ्याच्या राजाला सांगून येते

कासुर्डी फाट्यावर रविवारी सकाळी एसटीची वाट बघत उभी होते. लोक लग्नाला निघतात, बाजाराला निघतात. मी राजद्रोह करायला निघाले होते, आणि तोही पाण्याची बाटली व राजासाठी अर्धा किलो पेढे घेऊन.

हे राज्य मोबाइलमधलं आहे, हे आधीच सांगते. गड बांधायचे, सैन्य जमवायचं, कुणा राजाच्या पदरी राहून लढायचं, असा तो जुन्या काळातल्या राज्यांचा खेळ. आमचा राजा म्हणजे न्हावऱ्याचे आप्पा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाजेवर पडल्या पडल्या ते हा खेळ शिकले. पुढे गुडघा बरा झाला, खेळ काही सुटला नाही. मला भिंत कशी बांधायची, घोडदळ कुठं लपवायचं, सगळं त्यांनीच फोनवरून शिकवलं. पण लढाई आली की आमच्या दौंडकडच्या सरदारांना पुढे धाडायचं आणि मसलतीत विचारायचं मात्र नाही, ही त्यांची रीत. माझा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचा मला भयंकर रागही आला होता. म्हणून मी आणि माझी चुलतबहीण वैशाली, दोघींनी स्वतःचं राज्य काढायचं ठरवलं.

खेळाचा नियम असा, की सरदाराने आपला झेंडा लावला की जुन्या राजाशी युद्ध सुरू होतं. त्या दिवशीचा खराखुरा सूर्य मावळेपर्यंत गड टिकला तर नवं राज्य मान्य. पडला तर गड गेला, आणि पुन्हा साध्या शिपायापासून सुरुवात. आमची भिंत अजून अर्धीच होती, म्हणून झेंडा पुढच्या आठवड्यात लावायचा बेत होता. आज फक्त आप्पांना तोंडावर सांगायचं. घरातून वेगळं निघणारा माणूस वडीलधाऱ्यांपुढे बसून सांगतो, फोनवरून कळवत नाही. खेळ झाला म्हणून काय झालं!

चौफुल्याला गाडी बदलली. शेजारी कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेल्या एक मावशी बसल्या.

"कुठं निघाली गं?"

"न्हावऱ्याला. वेगळं निघायचंय, ते सांगायला."

"सासरा हाय का दीर?"

"राजा आहे," म्हणणार होते, पण म्हटलं, "सासराच समजा."

"मंग रडू नगं. रडली की माणूस बसवून घेतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

पारगावला भीमा ओलांडली. दोन्हीकडे ऊस, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे. मी मनातल्या मनात भाषण घोकत होते, "आप्पा, तुमचे उपकार मी विसरणार नाही, परंतु..." हे 'परंतु' इतकं रंगलं, की न्हावरे मागे पडलं आणि मी थेट शिरूरच्या डेपोत उतरले. मावशी कधी उतरल्या तेही कळलं नाही. कंडक्टरला सांगितलं तर म्हणाला, "ताई, न्हावरे म्हणून मी चारदा ओरडलो. तुम्ही आपल्या हात हलवीत बोलत होता, म्हटलं जाऊ दे." मला इतकं हसू फुटलं, की डेपोबाहेर चहा घेताना कप हिंदकळला. घोडनदीचं पाणी दुरून बघितलं आणि उलटी गाडी धरली.

न्हावऱ्याला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आप्पा चिंचेखाली बाजेवर, घरातून खिडकीतून ओढलेल्या लांबलचक वायरीला मोबाइल लावून बसलेले. पांढरी टोपी, मांडीवर टॉवेल. मी "राम राम आप्पा" म्हणाले आणि त्याच क्षणी ते "जय भीम पोरी" म्हणाले. दोघांनीही दुसऱ्याचा नमस्कार उचलला म्हणून दोघंही हसलो. पाणी झालं, चहा झाला, पेढे झाले. भाषण काही बाहेर पडेना.

शेवटी तेच म्हणाले, "पेढं घेऊन आलीया म्हंजी कायतरी मोठं हाय. बोल."

"आप्पा, मला वेगळं निघायचंय."

त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आवं ऐकलं का, पोरगी वेगळी निघालीया!"

आतून काकू म्हणाल्या, "मंग जेवून जाईल का न्हाई?"

"जेवंल की. पर आधी झेंडा लाव पोरी. हितंच, माझ्या म्होरं. चोरून लावलेला झेंडा मला न्हाई चालायचा."

बेत बोंबलला. पण आता माघार कशी घेणार? बटण दाबलं. पडद्याने राज्याचं नाव मागितलं. मी मोठमोठी भारदस्त नावं योजून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना. काकू ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "कासुर्डीच घाल की. दुसरं कशाला हुडकायचं?" घातलं. दोन्ही मोबाइलमध्ये एकदम नगारा वाजला. न्हावरे आणि कासुर्डी यांच्यात युद्ध सुरू!

मी डोळे मिटले. एवढ्यात आप्पांनी आपला मोबाइल बाजेवर पालथा घातला. "चल, हात धू. आपल्या घरी जेवणाऱ्या माणसावर हत्यार काढायचं नसतंय."

ताटात शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या हाताने वळलेल्या नळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या), बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. तेवढ्यात वैशालीचा मेसेज आला, "झेंडा लावलास?? भिंत अर्धी आहे! वेळ काढ!!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जेवतेय तोवर गड सुखरूप. मग काय, मी जेवायला लागले. भाकरी इतकी बारीक मोडली, की चिमणीलाही घास लहान वाटला असता. पुन्हा शेंगोळी मागितली. कोथिंबीर धुऊन कच्चीच खाल्ली. काकू हरखून गेल्या, "बघा, पोरगी कशी मन लावून खाती. न्हाईतर तुम्ही!" आप्पांचं केव्हाच आटोपलं होतं. ते हात धुऊन, पालथ्या मोबाइलकडे बघत, मिशीत हसत बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं.

"दही घे अजून," ते म्हणाले. "सावकाश होऊ दे."

निघताना काकूंनी स्टीलच्या डबीत विरजण दिलं. वेगळ्या चुलीला जुन्या घरचं विरजण द्यायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. डबी हातात घेतली आणि इतका वेळ न आलेलं रडू आता आलं. कोथिंबीरवाल्या मावशींचा सल्ला आठवला, म्हणून नाक पुसून हसले. आप्पांनी मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं.

"घरी पोचली की सांग. तवर तू पाव्हणी हाईस."

परतीची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. अख्खी गाडी कातावली होती आणि मी एकटी खिडकीत खुशीत, ट्रॅक्टरवाल्याला मनातून आशीर्वाद देत. चौफुल्याहून वडाप (भरली की निघणारी जीप) मिळाली. ती भरायलाही पुष्कळ वेळ लागला. मी तर "अजून दोन बसतील" म्हणून सरकून जागाच केली.

घराच्या उंबऱ्याशी आले. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकायला आला होता. आत वैशाली मोबाइलवर वाकून भिंतीचा शेवटचा भाग चढवत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचली का?"

नुसतं "अजून वाटेत, यवतलाच आहे" म्हटलं असतं तरी राज्य खिशात होतं. वैशाली हाताने 'नाही, नाही' करत होती. पण मांडीवरून आणलेली ती डबी अजून हातातच होती.

"पोचले आप्पा."

"बरं झालं. आधी पाणी पी. मंग बघू."

मी तांब्या भरून घेतला आणि उंबऱ्यात बसून प्यायले. इतकं सावकाश पाणी आमच्या गावात कुणी प्यायलं नसेल. मग कळवलं, आणि लगेच रणशिंग वाजलं. आप्पांनी कसलीही दयामाया दाखवली नाही. पश्चिमेची भिंत ढासळली, दरवाजा फुटला, आम्ही दोघी किंचाळत बालेकिल्ल्यात शिरलो. शेजारच्या वहिनी पळत आल्या, कुणाला विंचू चावला की काय म्हणून. आणि बाहेर उसामागे सूर्य गेला. नगारा थांबला. पडद्यावर आलं, कासुर्डीचे राज्य मान्य.

आम्ही नाचलो. वहिनींनाही नाचवलं.

वेगळं निघायचं म्हणजे माणूस तुटणार, असं मला जाताना वाटत होतं. म्हणून तर ते भाषण घोकत होते. रात्रीचं दूध कोमट करून विरजण लावत होते, तेवढ्यात आप्पांचा पुन्हा फोन.

"अभिनंदन राणीसाहेब. दूध लय गरम घिऊ नगं. आन् त्या पश्चिमेच्या भिंतीला आतनं आधार दे. उद्या परत चालून येतोय मी."