सहाशेची लेन्स

जुनी लेन्स घ्यायची तर आधी तिच्यात खोट शोधायची, हे मला तोंडपाठ. टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का पाहायचं, झूम फिरवून कुरकूर ऐकायची, तोंड खाली करून धरायची आणि नळी आपोआप घसरते का बघायचं. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, माझ्या गेलेल्या मित्राच्या टेबलावर, मी हे सगळं करत होतो. कोणीतरी मागून पाहून राहिलं आहे असं सारखं वाटे. मागे फक्त वहिनी होत्या, चहाचा कप घेऊन.

"तुम्हीच घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते म्हणत, ही लेन्स कोणाले द्यायचीच झाली त भाऊजीलेच."

मी कप बाजूला ठेवला आणि परत टॉर्च मारला.

आम्हा दोघांना पाखरांचं वेड. तो फॅक्टरीत, मी लाखनीला मास्तर. दर रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या तलावाच्या पाळीवर आम्ही हजर. मग त्यानं ही सहाशे एमएमची, लांबचं पाखरू जवळ आणणारी लेन्स घेतली आणि माझं पोट दुखायला लागलं. खोटं काहून बोलू? जळलोच मी. त्याच्या फोटोत पीस न् पीस मोजून घ्या. माझ्या फोटोखाली लोक विचारत, "गुरुजी, हा बगळा आहे काय?"

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "अबे, आपल्या तलावावर सारसाची जोडी उतरली! सकाळी सोबत जाऊ." माझ्या तोंडून पटकन निघालं, "मी त उद्या बहिणीकडे नागपूरले जाऊन राहिलो." कुठली बहीण अन् कुठलं नागपूर! एकदा तरी त्याच्या आधी, त्याच्याशिवाय, मला फोटो हवा होता. तो फॅक्टरीच्या बाजूनं, पलीकडच्या काठावर येतो हे ठाऊक होतं. म्हणून दिवस उजाडायच्या आत मी अलीकडच्या पाळीवर चहाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिलो. सारस दिसले. माझ्या लेन्समधून आगपेटीच्या दोन काड्यांएवढे.

तेवढ्यात त्याचा फोन. मी समोरचा काठ नजरेनं चाळला. बेशरमाची झुडपं सोडली तर काही नव्हतं.

"पोचला काय नागपूरले?"

"हाव, पोचलो."

"थंडी आहे काय तिकडे?"

"लय."

तो हसला. "मफलर नीट बांधजो मंग. एक टोक नेहमी लोंबत राह्यते तुयं."

मीही हसलो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही. त्याच्या चिडवण्याची सवयच होती मला.

त्यानंतर त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत, काय तोंड दाखवणार? आणि आठवडाभरात तो गेला. ड्युटीवरच छातीत कळ आली म्हणे. मी खांदा दिला, घाटावर उभा राहिलो, आणि पूर्ण वेळ एकच घोकत होतो: त्याला कळलं नाही. माझं खोटं बोलणं त्याला कळलं नाही. तेवढ्यावर वर्ष काढलं.

तर, लेन्समध्ये खोट सापडली नाही. एक फोटो काढून पाहावा म्हणून ती माझ्या कॅमेऱ्याला लावली. पाहतो तर कॅमेऱ्यात कार्डच नाही. घरी लॅपटॉपलाच राहिलं होतं. नेहमीचा धांदरटपणा.

"त्याईचं आहे ना बॅगेत," वहिनी म्हणाल्या आणि बॅगेच्या कप्प्यातून त्याचं कार्ड काढून दिलं. "कॅमेरा पोरीनं नेला. हे तसंच राहिलं."

खिडकीतून दूरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला. सुरेख आला. त्याच लेन्सचे आधीचे फोटो ताडून पाहावेत म्हणून एक मागे गेलो.

तो मी होतो.

टपरीपाशी उभा. फोन कानाला. तोंड अर्धवट उघडं, "लय" म्हणताना असेल तसं. मफलरचं एक टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होतं, आणि फोटोच्या कडेला बेशरमाची पानं धूसर आली होती. तो त्या झुडपात बसला होता. बेशरम मात्र मी होतो.

घाईघाईनं आणखी मागे गेलो. आदल्या रविवारची बदकं, पाणकावळे. त्या सकाळचा त्याच्याकडे एवढा एकच फोटो. सारस त्याच्यासमोर उभे होते आणि त्यानं एकही काढला नाही. ते माझ्यासाठी सोडून तो गुपचूप घरी निघून गेला होता. अरे, शिवी तरी द्यायची होती रे मले!

"साफ आला काय, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

कॅमेरा छातीशी धरला. "हाव वहिनी," मी म्हणालो. "लय साफ."

लेन्स घेतली. कार्ड मागून घेतलं, त्यांनी कशाला म्हणूनही विचारलं नाही. आता त्या तलावावर गेलो की टपरीपाशी बसून मी सहाशेतून समोरचं बेशरम पाहत राहतो. पानं हलली की छातीत धस्स होतं. पाखरू उडून जातं. मग उठतो, मफलर नीट गुंडाळतो, दोन्ही टोकं आत खोचतो. घरी पोचेपर्यंत एक टोक लोंबतंच.