तंबूतली बंदी आणि गावातली दवंडी

आमचा टुरिंग टॉकीजचा तंबू तेरला लागला की बायकांची कनात मी स्वतः उभी राहून बांधून घेत असे. बसल्यावर पलीकडचं दिसू नये इतकं उंच कापड. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बायकांची तिकिटं मी द्यायची, लेकरू रडलं तर बाहेर मी न्यायचं. निजामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सासरी विचारून सिनेमाला येणं सोपं नव्हतं. मालकाची बायको आत बसलेली असते, एवढ्याच भरवशावर त्या यायच्या.

गावातल्या एका बड्या घरात एक पोरगा होता. पोरगा आपलं म्हणायचं, मिशा चांगल्या झुबकेदार होत्या. सिनेमा रंगात आला की हा उठायचा आणि कनातीवरून बायकांच्या तोंडावर बॅटरी मारायचा. मग अमक्याची सून आलीय, तमक्याची बायको आलीय, असं ओरडायचा. पुरुषांची बाजू खो खो हसायची. जिचं नाव घेतलं ती पुन्हा दिसायची नाही, तिच्या शेजारणीही नाहीत. घरी बोलणी तिलाच बसायची, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या यजमानांनी त्याला आधी समजावलं, मग हात जोडले. शेवटी एका संध्याकाळी तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर परत ठेवून सांगितलं की, यापुढं यायचं नाही. तो गेलाही. इथवर ह्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण आमच्याकडं हलगी वाजल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी झाली असं वाटत नसे. बैल हरवला तर दवंडी, लस टोचणारे येणार असले तर दवंडी, आमचा नवा सिनेमाही दवंडीवरच चालायचा. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या दवंडीलाच शेपूट जोडून दिलं: अमक्याचा अमका बायांवर बॅटरी मारतो, त्याला तंबूत मज्जाव आहे. हलगी त्याच्या दारापुढंही वाजली.

त्या संध्याकाळी बायकांची बाजू गच्च भरली. एका म्हातारीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की आता स्वतःचीच कीव येते.

थोड्याच दिवसांत अब्रूनुकसानीची नोटीस आली. आम्ही दोघं एसटीनं धाराशिवला वकिलाकडं गेलो. उर्दूत वकिली शिकलेला, पिकलेला माणूस. त्यानं शांतपणे समजावलं की तंबू तुमचा, परवाना तुमचा. दंगा करणाऱ्याला पैसे परत देऊन दाराबाहेर ठेवायचा हक्क तुमचाच. जातीवरून कुणाला अडवलं असतं तर नव्या कायद्यानं तुम्हीच गुन्हेगार ठरला असता, पण दंग्यासाठी अडवलं तर कोण विचारतं? अंगाला हात लावला नाहीत, तेही बेस केलंत.

मग त्यानं चष्मा काढला. "बंदी दारात घालायची असती मालक. गावभर हलगी वाजवायला कुणी सांगितलं होतं?"

वाट अजून होती. दवंडीत सांगितलं ते खरं होतं आणि लोकांच्या भल्यासाठी होतं, हे कोर्टात पटवायचं. त्यासाठी एक बाई हवी होती, माझ्या तोंडावर ह्यानं बॅटरी मारली, एवढं सांगणारी.

गावात हे घरोघर फिरले. एकही घर आपली सून द्यायला तयार होईना. खो खो हसणाऱ्यांपैकी कुणी काही पाहिलंच नव्हतं म्हणे. पुन्हा वकिलाकडं गेलो तेव्हा मी म्हटलं, "मी सांगते की. माझ्या तोंडावर तर रोज मारलीय त्यानं."

वकील म्हणाला, घरची साक्ष हलकी पडते, पण साक्ष ती साक्षच. ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वकिलाला म्हणाले, "आमच्या घरची बाई कोर्टात उभी राहायची न्हाय."

परक्या बायकांसाठी गावभर हलगी वाजवणारा हा माणूस. माझा संताप झाला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मग तडजोड. दावा लांबला तर परवाना अडकेल, ही ह्यांना धास्ती. अटी समोरच्यांनी घातल्या: तोच दवंडीवाला, त्याच गल्ल्या. अमक्याचं नाव चुकून घेतलं, माफी असावी, तंबू त्यांना खुला आहे. दवंडीवाल्यानं ते सिनेमाचं नाव सांगावं तसंच सांगितलं. बॅटरीचा त्यात उल्लेखही नव्हता.

त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला एकही बाई आली नाही. मी एकटीच बसले होते. सिनेमा सुरू झाल्यावर कनातीवरून उजेड आला, रिकाम्या सतरंजीवर फिरला आणि माझ्या तोंडावर येऊन थांबला. त्यानं नाव घेतलं नाही. पलीकडं हसू उठलं. मी सिनेमाच्या मशीनकडं वळून पाहिलं. हे तिथंच उभे होते, बघत होते. मशीन त्यांनी थांबवलं नाही.

सकाळी मी कनात सोडून तिची घडी घातली. हे म्हणाले, राहू दे, बायका आल्या तर लागंल.

"कुणाच्या भरवशावर येतील?" मी विचारलं.

पुढं तंबू ढोकीला गेला, आणखी कुठं कुठं गेला. मी पुन्हा त्यात पाऊल टाकलं नाही.