झोतासमोरचा तळहात

सिनेमागृहाच्या ऑपरेटरच्या डोळ्याला आठवडाभर डोळा लागला नव्हता, आणि त्याला कारण होता एक भिकार विनोदी सिनेमा. दोन जिवलग मित्र, एक जाडा, एक काटकुळा. दोघे मिळून दोन तास धडपडतात आणि हसू काही येत नाही. पण एका प्रसंगात ते पुढाऱ्याच्या खुर्चीवर गाढव बसवतात. ते गाढव म्हणजे आमचेच साहेब, असं एका पक्षाने स्वतःहून जाहीर केलं आणि दोन ठिकाणी पडदे फाडले.

ऑपरेटरला पडद्याची काळजी नव्हती. त्याची बायको खाली तिकीटखिडकीत बसायची, रस्त्याकडे तोंड करून, एका काचेमागे. दगड आला तर पहिला तिलाच. रजा घे म्हणून तो रोज विनवायचा. तुम्ही घेता का, एवढंच ती विचारायची आणि दोघांचे डबे भरायला लागायची.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला सात तरुण आले, गळ्यात एकसारखे रुमाल. रीतसर तिकिटं काढून बसले. केबिनच्या झरोक्यातून ऑपरेटरने त्यांना पाहिलं आणि रुमाल ओळखले, त्याच पक्षाचे. तीस वर्षांपूर्वी उस्तादाने त्याला एक युक्ती शिकवली होती: नको ते दृश्य आलं की प्रोजेक्टरच्या झोतासमोर तळहात धरायचा, गेलं की काढायचा. ती कधी फसली नव्हती.

गाढव आलं. त्याने हात धरला.

त्याला कुठे माहीत, की सातांतले पाच जण तोवर घोरत होते आणि उरलेले दोघे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. गाढवाला तसंच जाऊ दिलं असतं तर निभावून गेलं असतं. पडदा काळा झाला तसे सगळे भानावर आले. काय लपवलं म्हणून आरडाओरडा झाला, खुर्च्या आपटल्या आणि थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. जिना तिकीटखोलीतूनच वर यायचा. म्हणजे ही माणसं तिला ओलांडूनच आली असणार. हाताला दुसरं काही लागेना, म्हणून त्याने जेवणाच्या डब्याचं झाकणच उचललं.

दारावर टकटक झाली. हळू, दोनदा.

त्यांचा म्होरक्या आत आला आणि झाकणाकडे बघून थबकला. "काका, घाबरू नका," तो म्हणाला. "ते दृश्य तेवढं परत लावा."

ऑपरेटरने लावलं. गाढव खुर्चीवर चढलं, घसरलं, संपलं. एवढंच का, असं म्होरक्याने विचारलं. एवढंच, असं ऑपरेटर म्हणाला. आता साहेबांना काय सांगायचं, असं पुटपुटत म्होरक्या जायला वळला.

ऑपरेटरला राहवेना. एवढ्या तावात आलात, मग दार कशाला वाजवलंत, असं त्याने विचारलंच.

म्होरक्या ओशाळला. "खाली मावशी जिन्यात आडव्या उभ्या होत्या. म्हणाल्या, वर आमचे हे एकटेच आहेत, आठवडाभर झोपलेले नाहीत. जायचं तर जा, पण दार वाजवून जा."